खरेदीखतात नसलेले झाड

उपनगरातील सदनिकेचे खरेदीखत ज्याने एकदा सावकाश वाचले आहे त्याला त्यातील तपशिलाची बारकाई ठाऊक असते. नगर भूमापन क्रमांक, मौजे व तालुका, दशांशापर्यंत मोजलेले चटई क्षेत्र, चारी दिशांच्या हद्दी, उद्वाहन, जिना, गच्ची आणि वाहन उभे करण्याची जागा यांवरील हक्क कोणत्या शर्तीवर मिळतो याची नोंद, हे सर्व त्यात असते. आणि मुद्रांक शुल्काचा भरणा होऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्यांचे ठसे उमटले म्हणजे व्यवहार पुरा झाला असे दोन्ही पक्ष मानतात. परंतु ज्या एका गोष्टीमुळे घेणाऱ्याने ते घर पाहताक्षणी पसंत केलेले असते, किंवा जिच्यामुळे त्याच्या घरातील वडीलधारी माणसे 'हे घर नको' म्हणून हट्ट धरून बसलेली असतात, त्या खिडकीलगतच्या मोठ्या झाडाचा सबंध दस्तऐवजात एका अक्षरानेही उल्लेख नसतो. दलालाने दिवाणखान्याची खिडकी उघडून प्रथम तेच दाखविलेले असते, भाव ठरविताना दोघांच्याही मनात ते असते, आणि कागदावर मात्र त्याला जागा मिळत नाही. झाडालगतच्या घराविषयी आपण जी भीती बाळगतो, जे तंटे करतो आणि जे अपघात सोसतो, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या अनुल्लेखात आहे असे माझे मत आहे. कारण झाडाचे सुख घराच्या किमतीत वसूल केले जाते आणि झाडाचे दायित्व मात्र कोणाच्याच नावावर चढत नाही.

आपल्याकडे असे पूर्वी नव्हते. इनामाच्या जुन्या सनदांतून जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी जी मालिका येते तिच्यात पाण्यापाठोपाठ झाडाचे नाव आहे, आणि जमीन देणारा ती झाडासकट देत आहे हे तेथे निःसंदिग्ध केलेले असते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानेही मुळे धरलेल्या झाडाझुडपांना जमिनीशी संलग्न मानले आहे, आणि वेगळा करार नसेल तर ती जमिनीबरोबरच घेणाऱ्याकडे जातात असा दंडक घातला आहे. कोकणात बागायत विकत घेणारा माणूस आजही आंबे, फणस आणि माड एकेक मोजून घेतो. मग अंधेरी-बोरिवलीच्या कागदांतून झाड नाहीसे का व्हावे? सदनिका घेणारा जमीन घेतच नाही, हे त्याचे सरळ कारण आहे. तो चौथ्या किंवा चौदाव्या मजल्यावरील चार भिंतींमधील अवकाश घेतो. जमीन तोवर मूळ मालकाच्या अगर विकासकाच्या नावे असते, आणि 1963 च्या सदनिका अधिनियमाने ती गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून देणे बंधनकारक केले असूनही कित्येक ठिकाणी ते वर्षानुवर्षे इतके रखडले की अखेर मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद कायद्यात घालावी लागली. या साऱ्या काळात आवारातील झाड कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारला तर विकासक संस्थेकडे, संस्था महापालिकेकडे आणि महापालिका पुन्हा संस्थेकडे बोट दाखविते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. 2018 च्या सुमारास पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे पावणेतीस लाख झाडे नोंदली गेली, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक खाजगी आवारांत होती. ज्यांच्याविषयी आपण वर्तमानपत्रांतून सर्वांत अधिक वाचतो ती रस्त्यांच्या कडेची झाडे दोन लाखही भरली नाहीत. म्हणजे या शहराच्या वृक्षसंपत्तीचा मोठा हिस्सा महापालिकेच्या बगीच्यांत नसून तुमच्या-आमच्या कुंपणांच्या आत आहे, आणि ज्या सर्वसाधारण सभेत गळक्या टाकीवर आणि पाहुण्यांच्या गाड्यांवर दोन-दोन तास वाद होतो त्याच सभेच्या हाती तिचे भवितव्य आहे.

आवारातील झाड बहुधा इमारतीहून वयाने मोठे असते, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. साष्टीतील ही गावे टप्प्याटप्प्याने शहरात आली. अंधेरी 1950 साली आणि बोरिवली-मुलुंड 1957 साली बृहन्मुंबईच्या हद्दीत समाविष्ट झाली. त्यापूर्वी येथे वाड्या होत्या, भातखाचरे होती, आणि मुलुंड-घाटकोपरला आंब्याजांभळांच्या सावलीत बसलेले बैठे बंगले होते. बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या, आणि आता त्याही पाडून त्यांच्या जागी वीस-बावीस मजल्यांचे मनोरे उभे राहत आहेत. एवढ्या उलथापालथीतून जे जांभूळ किंवा जी चिंच कुंपणाच्या कोपऱ्यात टिकून राहिली तिच्या दृष्टीने नवा सदनिकाधारक हा त्या जागेत सर्वांत शेवटी आलेला रहिवासी असतो. वहिवाटीचा हक्क आपण माणसामाणसांत मानतो; झाडाची वहिवाट मात्र आपल्या हिशेबात धरलेली नसते.

आता भीतीकडे वळू. कारण ती खोटी नाही आणि तिची टिंगल करणे हा निर्दयपणा होईल. 2017 च्या जुलैत चेंबूरला सकाळच्या वेळी रस्त्याने जाणाऱ्या दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे वाहिले आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली. ज्या आईचे मूल रोज त्या फांद्यांखालून शाळेच्या बसपर्यंत जाते तिला झाडाच्या सौंदर्यावर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. तिला एवढेच हवे आहे की कोणीतरी जबाबदार माणसाने त्या झाडाकडे पाहून ते उभे राहील की नाही हे सांगावे. आणि नेमके हेच आपल्याकडे घडत नाही.

मुलुंडच्या एखाद्या जुन्या सोसायटीत जाऊन तेथील पर्जन्यवृक्षाचा बुंधा जवळून पाहावा. बुंध्याला गेरूचुन्याचे पट्टे ओढलेले असतात, त्यामुळे त्याची निगा राखली जाते असा भास होतो. परंतु त्या पट्ट्यांच्या खाली पेव्हर ब्लॉक थेट सालीला भिडलेले असतात, किंवा पार म्हणून सिमेंटचे कडे इतके आवळून बांधलेले असते की वाढत्या बुंध्याने ते जागोजाग फोडलेले दिसते. पावसाचे पाणी मुळांपर्यंत उतरायला जागाच नसते. एका बाजूच्या मुळांवरून नवी जलवाहिनी गेलेली असते, आणि ती टाकताना मनगटाएवढी मुळे कुदळीने सपासप तोडलेली असतात. वर पाहावे तो इमारतीच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी मे महिन्यात कंत्राटदाराच्या माणसांनी ठोकळ्यासारख्या छाटलेल्या असतात आणि रस्त्याच्या बाजूच्या तशाच पसरलेल्या असतात, त्यामुळे सारा भार एकीकडे कललेला असतो. छाटलेल्या खुंटातून पाणी झिरपून आत ढोली झालेली असते; बुंध्याशी, जमिनीलगत, तपकिरी छत्र्यांचा थर उगवलेला असतो. ही भूछत्रे आतील लाकूड कुजत असल्याची खूण असते. ती पहिली दिसतात तेव्हा झाडाच्या माथ्यावर पालवी अगदी हिरवीगार असू शकते. त्या छत्र्यांवरून रोज शेकडो माणसे जातात. कोणी झाडू मारणारा त्या उखडून टाकतो, आणि पुढच्या पावसाळ्यात झाड पडले म्हणजे 'अचानक पडले' अशी बातमी येते.

पडलेल्या झाडांपैकी पुष्कळशी आपण आधी मुळाशी आणि माथ्याशी मोडलेली असतात, हे या वर्णनावरून दिसून येईल. यात झाडाच्या जातीचा भाग आहेच. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. सावली लवकर मिळावी म्हणून आपण ही झाडे हौसेने लावली, त्यांचे लाकूड ठिसूळ आहे, आणि काही वर्षांपूर्वी पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने या शहरातील पर्जन्यवृक्ष एकामागून एक वठत गेले तेव्हा परक्या जातींवर फार विसंबल्याची किंमत आपल्याला कळली. जमिनीचाही भाग आहे. चारकोप-गोराईसारख्या ठिकाणी जेथे खाडीलगतच्या सखल जमिनीवर भरणी टाकून वसाहती उभ्या राहिल्या, तेथे पाण्याची पातळी उथळ असल्याने मुळे खोल न जाता आडवी पसरतात. आणखी एक कारण क्वचितच सांगितले जाते. शेजारची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाते तेव्हा चाळीस वर्षे तिच्या आडोशाला वाढलेले झाड एका आठवड्यात उघड्यावर येते, आणि ज्या वाऱ्याची त्याच्या खोडाला सवयच नव्हती तो त्याला पुढील मोसमात एकदम झेलावा लागतो. घर घेणाऱ्याने झाड पाहावे तसा शेजारचा भूखंडही पाहावा, तो यासाठी.

मुळे इमारतीचा पाया उखडतील, ही दुसरी भीती. तिच्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे अवश्य आहे, कारण ती पुष्कळ अंशी आपल्याकडे बाहेरून आली आहे. इंग्लंडच्या आग्नेय भागात घरे चिकणमातीवर उभी आहेत. ती माती वाळली की आकसते, झाडे तिच्यातील ओलावा शोषतात, आणि 1976 च्या मोठ्या अवर्षणात तेथे असंख्य भिंतींना तडे गेल्यावर विमा कंपन्यांचे आणि घरमालकांचे लक्ष झाडांवर गेले. मुंबईच्या उपनगरांची बैठक निराळी आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचा सुमारे दोनशे फुटांचा काळा स्तंभ ज्या बेसॉल्टचा आहे तोच खडक आणि त्यावरचा मुरूम या भागात बहुतेक पायांखाली आहे, आणि तो पाऊसपाण्यागणिक फुगत-आकसत नाही. जेथे काळी चिकण माती किंवा भरणी आहे तेथे, विशेषतः उथळ पायाच्या जुन्या बैठ्या बांधकामाला, जपले पाहिजे. पण खांबांवर उभ्या असलेल्या सात मजल्यांच्या इमारतीचा पाया बागेतील आंब्याने हलेल, ही कल्पना निराधार आहे. नळांचेही असेच. मूळ सुस्थितीतील नळ फोडीत नाही. जेथे सांधा आधीच गळत असतो तेथे ओलाव्याच्या मागावर ते आत शिरते. इमारतीला खरा धोका असतो तो जमिनीतल्या वडापासून नसून भिंतीतल्या पिंपळापासून: पाखरांच्या विष्ठेतून पडलेले बी सांडपाण्याच्या गळक्या नळामागे रुजते, दोन पावसाळे कोणी पाहत नाही, आणि तिसऱ्या वर्षी त्याची मुळे गिलाव्यामागून विटांच्या सांध्यांत गेलेली असतात. ते रोप वेळीच काढून तो नळ दुरुस्त करण्यासाठी पाच पंचवीस हजार मंजूर करायला जी संस्था वर्षानुवर्षे टाळाटाळ करते, तीच पायाच्या काळजीने अंगणातील निरपराध जांभूळ तोडण्याचा अर्ज करते, असे दृश्य मला विलक्षण खेदजनक वाटते.

तिसरा आक्षेप वास्तुशास्त्राचा. दारासमोर झाड म्हणजे द्वारवेध, अमुक दिशेचा पिंपळ अशुभ, असे सांगून पुष्कळ व्यवहार मोडले जातात. मी शकुनांवर विश्वास ठेवणारा नाही, परंतु ज्या ग्रंथांच्या आधारावर हे बोलले जाते ते तरी पुरते वाचावेत असा माझा आग्रह आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराजवळच्या काटेरी, चिकाळ आणि फळांच्या झाडांना दोष दिला आहे खरा, आणि वड, पिंपळ, उंबर यांना दिशाही वाटून दिल्या आहेत. परंतु त्याच प्रकरणात असाही मार्ग दिला आहे की सदोष झाडे तोडायची नसतील तर त्यांच्या मध्ये अशोक, बकुळ, फणस, शमी अशी चांगली झाडे लावावीत. दोष मानणाऱ्या शास्त्रकारालाही कुऱ्हाडीखेरीज दुसरा उपाय सांगणे आवश्यक वाटले, आणि तो उपाय आणखी झाडे हा होता. आजचे सल्लागार ग्रंथाचा पूर्वार्ध तेवढा सांगतात.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. झाड तोडणे कधीच समर्थनीय नसते असे मी म्हणत नाही. तोडण्याचा निर्णय कोणी, कोणाच्या संमतीने आणि काय भरपाई करून घ्यावा, हा माझा प्रश्न आहे. या प्रश्नाचे आपल्या भाषेत लिहिलेले उत्तर तीनशे वर्षांचे जुने आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळविण्याची चर्चा आहे. राज्याला गलबतांची निकड होती, आंबा-फणसाचे लाकूड कामाचे होते, आणि तरीही त्या झाडांना हात लावू नये असे तेथे बजावले आहे. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे; जुलूम करू नये. काळाची किंमत, जोपासणाऱ्याची संमती आणि रोख भरपाई या तिन्ही गोष्टी ज्यात आल्या आहेत असा हा हुकूम युद्धाच्या धामधुमीतल्या राज्यकर्त्यांनी लिहिला, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या काळच्या सबबी फार दुबळ्या वाटू लागतात.

आपला कायदा त्या दिशेने गेला आहे, पण अडखळत गेला आहे. 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने स्वतःच्या आवारातील झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडण्यास मनाई केली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या व त्याहून जुन्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे अंदाजे वय जितके तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली. तत्त्व उत्तम आहे. पण ती साठ-सत्तर झाडे लावायची कोठे? पुनर्विकासात जुन्या आवाराखाली दोन मजले वाहनतळ खोदला जातो, वर काँक्रीटचे छत घालून त्यावर हात-दीड हात माती पसरली जाते, आणि त्या मातीत शोभेची पामची झाडे उभी केली म्हणजे नकाशावर हिरवा रंग भरता येतो. त्या थरात वड किंवा आंबा कधीही वाढू शकणार नाही. उरलेली भरपाई दूर कोठेतरी रोपांच्या रांगांनी होते. ज्यांच्या खिडकीवरची सावली गेली त्यांना तिचा उपयोग नसतो. झाड उचलून दुसरीकडे लावण्याचा मार्ग कागदावर फार सोयीचा वाटतो, परंतु मोठ्या झाडाची मुळे माथ्याच्या पसाऱ्यापलीकडे गेलेली असतात; गाडीवर मावेल एवढ्या गोळ्यापुरती ती कापली की झाड नव्या जागी उभे राहते पण जगेलच असे नाही.

आणि जेथे परवानगी मिळत नाही तेथे काय होते, हेही लपविण्यात अर्थ नाही. रात्री बुंध्याला भोके पाडून त्यांत विष ओतले जाते, साल गोलाकार तासली जाते, आणि सहा महिन्यांत 'वाळलेले धोकादायक झाड' म्हणून रीतसर अर्ज येतो. घाटकोपरला छेडानगरजवळ 13 मे 2024 च्या वादळात पेट्रोल पंपावर जो प्रचंड जाहिरातफलक कोसळला आणि 17 माणसे प्राणास मुकली, त्या फलकाच्या परिसरातील झाडांना, फलक दिसण्याआड ती येऊ नयेत म्हणून, विष घालून मारल्याची तक्रार महापालिकेने पोलिसांत केलेली होती. त्या सायंकाळी माणसांच्या अंगावर जे पडले ते लोखंड होते. उभ्या झाडाविषयी आपण जी चौकशी करतो तिच्या दशांशाने तरी चौकशी माणसाने उभारलेल्या वस्तूंची करावी, एवढे म्हणण्याचा अधिकार या दुर्घटनेने आपल्याला दिला आहे.

तेव्हा झाडालगतचे घर घ्यावे की नाही? ज्याला पानगळ, पाखरांचा कालवा, पावसाळ्यात भिंतीवर रेंगाळणारी ओल आणि दुपारीही दिवा लावावा लागणारी खोली ही सोसवत नाहीत, किंवा ज्याच्या घरातील वृद्धाला उन्हाची वैद्यकीय गरज आहे, त्याने ते घर घेऊ नये; त्यात काही गैर नाही. गैर आहे ते झाडासकट घर घेऊन ताबा मिळताच झाडाविरुद्ध अर्ज करणे, कारण जे उघड्या डोळ्यांनी पाहून घेतले त्याचा उपद्रव म्हणून नंतर कांगावा करण्याचा हक्क उरत नाही. आणि ज्याला ते झाड हवे आहे त्याने केवळ खिडकीतून पाहून समाधान मानू नये. बयाणा देण्यापूर्वी संस्थेच्या सचिवांकडून गेल्या काही वर्षांची इतिवृत्ते मागून घ्यावीत; छाटणीची परवानगी कधी घेतली, फांद्या कोणी कापल्या, आवारात शेवटचे खोदकाम केव्हा झाले, हे त्यांत सापडते. झाडांचे जाणकार आता या शहरात मिळतात. इमारतीच्या बांधकामाची तपासणी करवून घेणाऱ्याने त्यांनाही एकदा बुंध्याशी उभे करावे. त्यांनी झाड पोखरले असल्याचे सांगितले तर ते निमूटपणे मान्य करावे, रीतसर परवानगी काढून ते उतरवावे, आणि त्या खड्ड्यावर फरशी बसू देऊ नये.

सदनिकेच्या करारनाम्याला जशी सोयीसुविधांची अनुसूची जोडलेली असते तशी आवारातील झाडांचीही जोडावी, असा माझा ठाम आग्रह आहे. तीत झाडाची जात असावी, छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर असावा, इमारतीच्या भिंतीपासूनचे अंतर असावे, शेवटच्या तपासणीची तारीख आणि तिचा निष्कर्ष असावा. दरसाल पावसाळ्यापूर्वी तपासणी करण्याचा आणि तिच्या खर्चासाठी प्रत्येक सदनिकेमागे ठरावीक रक्कम बाजूला काढण्याचा ठराव संस्थेच्या उपविधींत यावा. पुनर्विकासाच्या करारात याहून एक पाऊल पुढे जावे लागेल: जुन्या झाडाच्या मुळांभोवतीची किती चौरस मीटर जमीन खोदली जाणार नाही, आणि वाहनतळाच्या छताबाहेर किती जागा खडकापर्यंत अखंड माती म्हणून राहील, हे आकड्यांत लिहून घ्यावे, आणि ते नकाशाच्या कोपऱ्यात न राहता कराराच्या शर्तींत असावे. वाढीव चटई क्षेत्राच्या दर चौरस फुटासाठी वर्षवर्ष झगडणाऱ्या आपल्या संस्थांना या कलमासाठी महिनाभर थांबणे जड जाऊ नये. आणि एखादा विकासक ते लिहून द्यायला तयार नसेल तर त्याच्या नकाराचे कारण सभेपुढे लेखी मागावे.